शेला हलला की थांबायचं

खुशाल कापगते मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो पडतो आहे, अशी माझी पक्की समजूत झाली. लाखनीला आमच्या शाळेसमोर रस्ता चिंचेच्या झाडाला वळसा घालून जात असे. प्रार्थना संपली होती, मी व्हरांड्यात उभा होतो, आणि त्या वळणावर एक मोटारसायकल इतकी आडवी झाली की आता ही गेलीच, असं म्हणून मी माठावरचा तांब्या उचलला आणि धावत सुटलो. मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा मोटारसायकल सरळ होऊन मुरमाडीकडे निघूनही गेली होती. माझ्या हातात सांडून अर्धा उरलेला तांब्या, आणि मागे सगळी शाळा. सातवीतली एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "गुरुजी, तो पडत नाही. तो तसाच वळते."

तेव्हापासून गावात मला तांब्यावाले गुरुजी म्हणू लागले. भूगोल शिकवून जे नाव झालं नाही, ते असं झालं.

खुशाल वर्तमानपत्रांचा एजंट होता. नागपूरहून पेपरचे गठ्ठे पहाटेच्या गाडीनं भंडारा रोडला, म्हणजे वरठीला उतरत. तिथून ते मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना बांधून तो भंडारा, लाखनी, साकोली असा वाटत जायचा. त्याची येझदी जुनी, जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या एका बाबूकडून घेतलेली. तांब्याच्या प्रकरणानंतर तोच एकदा माझ्या दारात थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, मले पाणी पाजाले धावले म्हणते तुमी. आता पेपर तरी घ्या." मी पेपर लावला. त्या काळी लाखनीत नागपूरची बातमी चहाच्या आधी येऊ लागली ती त्याच्यामुळे, आणि बसस्टँडवरची मंडळी त्याला त्याबद्दल शाबासकी द्यायची सोडून टोमणे मारत. "रस्त्यावर तू अन् दोन म्हशी. पहिला नंबर तुहाच येन ना बे."

हे त्याला लागायचं. हसायचा, पण लागायचं.

त्याचे वडील यादोराव हे आमच्या भागातलं मोठं नाव. धानाची कापणी झाली की मोकळ्या बांध्यांत, म्हणजे रिकाम्या खाचरांत, शंकरपट भरतात. हलक्या छकड्यांना बैल जुंपून दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायच्या, चुन्याची रेघ जी आधी ओलांडेल ती जिंकली. यादोरावांची जोडी पाच-सहा वर्षं कुणाला हरली नाही. पण उधळलेले बैल पळवणं सोपं, थांबवणं अवघड. रेघेच्या पुढे यादोराव स्वतः उभे राहत आणि खांद्यावरचा पांढरा शेला दोन्ही हातांनी वर-खाली हलवत. तो शेला दिसला की बैल जागच्या जागी उभे. छकड्यावर धुरकरी म्हणून बसायचा तो लहानपणापासून खुशाल. बैलांनी शेला ओळखायचा आणि धुरकऱ्यानं कासरा खेचायचा, अशी त्या घराची शिकवण होती.

अशा माणसाच्या मुलानं फटफटी घेतली याचं यादोरावांना दुःख नव्हतं, तर लाज होती. "लोखंडाले कायचा हुरूप," ते म्हणायचे. "त्याले पळाचं वाटते का? हे पोट्टं पळवते म्हणून ते पळते."

एकोणऐंशी सालच्या सुरुवातीला पेपरात एक छायाचित्र आलं. मद्रासजवळ शोलावरमला विमानांची जुनी धावपट्टी होती, तिच्यावर मोटारसायकलींच्या शर्यती होत. नवख्यांसाठी वेगळी शर्यत होती. खुशाल तो पेपर घेऊन शाळेत आला, मधल्या सुट्टीत.

"गुरुजी, मले एकदा पाहाचं आहे."

"काय?"

"मी खरंच जोरात चालवतो, का रस्ताच रिकामा राहते."

मी इंग्रजीत अर्ज लिहून दिला. त्या अर्जाला उत्तर आलं, याचं श्रेय मी माझ्या इंग्रजीला दिलं, आणि त्या भरात मॅनेजर म्हणून सोबत येण्याचं कबूल करून बसलो. तोवर मी मोटारसायकलवर फक्त एकदा बसलो होतो, तेही उभ्या.

खरी अडचण होती त्याच्या आईची. चंद्रभागाबाईंनी आधी स्वयंपाक थांबवला, मग बोलणं. शेवटी त्यांनी तांदळाच्या कोठीवर हात ठेवायला लावून मुलाकडून शब्द घेतला. ही एकच शर्यत. त्यानंतर गाडीनं पेपर वाटायचे, बैलगाडीच्या मागे राहायचं, आणि पुन्हा शर्यतीचं नाव काढायचं नाही. खुशालनं शब्द दिला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अन् तुमी संगं जा. पोरगा जित्ता आना. गुरुजीच्या भरोशावर मी धाडत नाही."

तांब्याची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती.

तर असे आम्ही तिघं निघालो. खुशाल गाडीवर आणि आम्ही दोघं एस.टी.नं नागपूरला पोहोचलो. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आम्हाला सांगण्यात आलं की टाकी रिकामी करा आणि गाडी नीट बांधा. यादोरावांनी घरून एक पोतंभर तणस, म्हणजे पेंढा, आणलं होतं. धानाचं ते तणस चाकांभोवती, हँडलभोवती भरून, वर पोती शिवून त्यांनी ती गाडी अशी बांधली की पार्सलबाबूनं विचारलं, "इसमें जानवर है क्या?" मी इंग्रजीत खुलासा करायला पुढे सरसावलो. बाबूनं मराठीत सांगितलं, "मास्तर, बाजूले व्हा."

जी.टी. एक्स्प्रेसमध्ये यादोराव एका जागी मांडी घालून बसून होते. पण बल्लारशाला गाडी थांबली तसे ते लोटा घेऊन उतरले. मी मागोमाग गेलो. ते मालाच्या डब्यापाशी जाऊन उभे होते.

"काय झालं, यादोरावजी?"

"काही नाही." त्यांनी लोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सवय आहे. जोडी नेतो तवा पानी दाखवा लागते."

परत येऊन ते लोट्यातलं पाणी स्वतःच प्यायले. खुशाल खिडकीतून बाहेर पाहत हसू दाबत होता. पुढे बेझवाड्यालाही ते उतरले. या खेपेला लोटा नेला नाही, नुसतेच गाडी पाहून आले.

मद्रासला दुपारचं जेवण केळीच्या पानावर झालं. यादोरावांनी भाताचं शीत बोटात चिरडून पाहिलं आणि निकाल दिला, "जाडं आहे, पन लबाडी नाही." सोबत चंद्रभागाबाईंनी दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे होते. ते आम्ही शोलावरमपर्यंत पुरवले.

धावपट्टीवर मी मॅनेजर म्हणून तपासणीच्या टेबलाशी गेलो. गाडीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. टेबलामागच्या गृहस्थांनी जे उत्तर दिलं ते इतकं सफाईदार इंग्रजीत होतं की मला त्यातलं 'हेल्मेट' तेवढं कळलं. बाकीचं सगळं खुशालनं हातवाऱ्यांनी निभावलं. तपासणाऱ्या एका पोरसवदा मेकॅनिकला येझदीच्या साखळीखालून तणसाची काडी सापडली. त्या काडीनं तो बराच वेळ आपले दात कोरत होता.

यादोरावांनी खिशातून पुडी काढली आणि सगळ्यांदेखत टाकीवर हळदीचं बोट लावलं. मग बोट पुसत म्हणाले, "तुही माय म्हने लावजा म्हणून." चंद्रभागाबाईंनी असं काही सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

शर्यत आठ फेऱ्यांची होती. यादोरावांना नियम समजावून सांगणं हे माझ्या हक्काचं काम. मी म्हणालो की पृथ्वी जशी सूर्याभोवती फिरते तशा या गाड्या त्याच त्याच वाटेनं पुन्हा येतील. सुरुवात इथूनच, शेवटही इथेच. ते सारखे मान हलवत होते. वर्गात जी मुलं अशी मान हलवतात त्यांना काही कळलेलं नसतं, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माहीत असायला हरकत नव्हती.

आम्ही दोरीच्या मागे उभे राहिलो, शेवटच्या वळणानंतर जिथे पांढरी रेघ होती तिथे. झेंडा पडला. इतका आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळे गेले होते. पहिल्या फेरीला खुशाल मागच्या घोळक्यात होता. दुसरीला घोळक्याच्या पुढे. तिसरीला त्याच्यापुढे मोजून चार गाड्या उरल्या. वळणावर तो शाळेसमोर व्हायचा तसाच आडवा होत होता, आणि आता ते पाहणाऱ्या नुसत्या म्हशी नव्हत्या.

"गुरुजी," यादोराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे पोट्टं तं बरं चालवते."

एवढं वाक्य खुशालनं ऐकलं असतं तर आठ फेऱ्यांची गरज उरली नसती, असं मला तेव्हा वाटून गेलं.

चौथ्या फेरीत निळ्या बनियनचा एक मद्रासी मुलगा आणि खुशाल वळणातून एकत्र बाहेर आले. चाकाला चाक लावून, शेजारी शेजारी, दोघंच. समोर पांढरी रेघ. रेघेवर खुशालचं चाक हातभर पुढे होतं. माझ्या तोंडून काहीतरी निघालं. आणि शेजारी पाहतो तर यादोराव नाहीत.

ते दोरीखालून वाकून पलीकडे गेले होते. रेघेच्या पुढे, धावपट्टीच्या कडेला, पाय रोवून उभे होते आणि दोन्ही हातांनी पांढरा शेला वर-खाली हलवत होते.

निळा बनियनवाला सरळ निघून गेला. त्याच्या दृष्टीनं तो एक खुळा म्हातारा. पण खुशालची मान उठली, गाडीचं मागचं चाक किंचित घसरलं, आणि कडेच्या गवतावरून येत येत येझदी बरोबर यादोरावांच्या पुढ्यात उभी राहिली.

शिट्ट्या वाजू लागल्या. झेंडेवाला अधिकारी ओरडत धावत आला, त्यातला 'गो, गो' हा शब्द मला स्पष्ट कळला. मी दोरीखालून जाताना पडलो, उठलो, आणि मॅनेजर या नात्यानं भाषांतर केलं, "खुशाल, जा म्हणतात ते. शर्यत संपली नाही."

इंजिन चालू होतं. मागून दुसऱ्या गाड्या वळणातून यायच्या होत्या. तो अजून जाऊ शकला असता. पण यादोरावांनी टाकीवर हात ठेवला होता, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.

"मांगं टाकलं ना तू त्याले," ते म्हणाले. "मी पाह्यलं. रेघीवर पाह्यलं." मग टाकीवरचा हात न उचलता, "धापून राह्यलं हे. पानी पाज याले."

खुशालनं एकदा धावपट्टीकडे पाहिलं. निळा बनियन दूरच्या वळणावर बारीक झाला होता. मग त्यानं वडिलांकडे पाहिलं, आणि चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"हो बाबा," तो म्हणाला. "झालं."

संध्याकाळी फळ्यावर निकाल लागला. खुशालच्या नावापुढे आकडा नव्हता, डी.एन.एफ. अशी तीन इंग्रजी अक्षरं होती. यादोरावांनी विचारलं हे काय. मी बी.ए., बी.एड. असल्यानं नावापुढच्या अक्षरांबद्दल मला आदर होता, तरी अर्थ माहीत नव्हता. मी सांगितलं, हा वेगळा वर्ग दिसतो. शर्यत पुरी केली नाही, हा अर्थ मला मागाहून खुशालनंच सांगितला, आणि वडिलांना सांगू नका म्हणाला.

परतीच्या गाडीत यादोराव वरच्या बाकावर झोपल्यावर मी त्याला विचारलं, "काहून थांबला रे?"

"शेला हलला ना गुरुजी." त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हातानं ब्रेक दाबला, मले विचारलंच नाही. बैल नाही थांबला असता कदाचित. इतका आवाज होता."

"पण मग निघायचं होतं. ते जा म्हणत होते."

"निघालो असतो तं बाबाले समजलं असतं, आपण काय चूक केली ते." वरच्या बाकावरून लोंबणारा शेला त्यानं वर सारला. "मी जोरात चालवतो का नाही, ते राहूनच गेलं. पन थांबतो चांगला. हे तं सारं मद्रास पाहून राह्यलं होतं."

लाखनीला बसस्टँडवर मंडळी वाटच पाहत होती. "कितवा आला बे?" खुशाल म्हणाला, "बाबाले विचारा." यादोरावांनी सांगितलं. पुढे प्रत्येक पटात सांगितलं. मद्रासचा निळा गडी, चाकाला चाक, आणि रेघेवर हातभर. दरवर्षी ते अंतर थोडं वाढत गेलं. शेवटी शेवटी तो निळा गडी वळणातच राहिला होता. खुशाल शेजारी बसून ऐकायचा, आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं की मान हलवायचा. आईला दिलेला शब्द त्यानं पाळला. बैलगाडीच्या मागे राहणं तेवढं त्याला जमलं नाही, पण शर्यतीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

यादोराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा शेला घरात अजून आहे. खुशाल तो थंडीत डोक्याला गुंडाळतो. मी निवृत्त झालो, शाळेसमोरचं वळण रस्ता रुंद करताना गेलं, चिंचही गेली. खुशाल सत्तरीला आला आहे. एजन्सी त्याच्याच नावावर आहे, आणि आमच्या आळीतले पेपर तो सायकलवर वाटतो.