पितरांचा पाट

माझी आत्या केशरबाई पावणे गावची धवळारीण होती. आमच्या आगरी लोकांत तेव्हा लग्न लावायला धवळारीण लागे. ती तांदळाचा चौक पुरायची, धवळे म्हणजे लग्नाची गाणी गायची, देवांना बोलवायची आणि शेवटी त्या घरच्या पितरांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. त्यांच्यासाठी मांडवात एक रिकामा पाट मांडलेला असे. हाका पुऱ्या झाल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नसे. मांडवात आत्या 'बस' म्हणाली की गावचा पाटीलसुद्धा मुकाट्याने बसायचा, आणि तिला ते मनापासून आवडायचं. मान आवडत नाही असं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आत्याचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. खाडीकाठच्या शेतांत कारखाने आले, गावात वीज आली, तिकडे वाशीला इमारती उभ्या राहिल्या, आणि दर वेळी तिच्या मनात पाल चुकचुकली. मीटर बघायला येणारा माणूस खरं म्हणजे घरातली माणसं मोजून जातो, असं तिचं ठाम मत होतं. नळ आला तेव्हा पहिलं पाणी तिने परसातल्या अळवाला घातलं. अळू टवटवीत राहिलं तेव्हा कुठे एक तांब्या स्वतः प्यायली, तोही नाक मुरडत.

मी ग्रामपंचायतीत कारकून. चार बुकं शिकलेलो, त्यामुळे तिच्याशी हुज्जत घालणं हे माझं कर्तव्यच आहे असं मला वाटे. ती म्हणायची, "जुन्याला कारन असतं. तुला ठावं नाय, म्हनून ता नाय असा होत नाय. ज्याचा कारन म्हायत नाय त्याला हात लावू नये."

"मग कारण सांग," मी म्हणायचो.

"मना तरी कुठं ठावं हाय?" असं म्हणून ती तांदूळ निवडायला लागायची. याचा मला भारी राग यायचा. मला वाटे, मोठ्यांनी घालून दिलेलं मोडू नये, हे जो घालून देणाऱ्यांच्या रांगेत बसलेला असतो तोच जास्त सांगतो. अजूनही वाटतं.

१९८१ साली वाशीहून वैजयंतीबाई म्हणून एक प्राध्यापिका टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. धवळे कुठे लिहिलेले नव्हते, एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात एवढाच त्यांचा प्रवास. बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्यामागे हे सगळं नाहीसं होईल हो."

"मी कुठं चाललंय?" आत्याने विचारलं, आणि बाई गेल्यावर मला म्हणाली, "ही गात नाय, नुसती आयकतं. नुसता आयकनाऱ्याचा काय भरोसा?" तरीही दुसऱ्या दिवशी ती कबूल झाली. इतक्या सहज ती आयुष्यात कशाला कबूल झाली नव्हती, म्हणून मीच संशयाने तिच्याकडे बघत राहिलो. तिने घरच्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि दुपारभर गायली. बाईंनी पुढे एक कॅसेट घरी आणून दिली. ती कपाटात पडून राहिली, कारण लग्नाशिवाय धवळे कानावर पडू द्यायचे नाहीत असा रिवाज.

तीन वर्षांनी तिच्या नातवाचं, जयप्रकाशचं लग्न ठरलं. आत्याचा मुलगा भगवान तोवर कारखान्यात सुपरवायझर झाला होता. लग्नाला कारखान्याचे साहेब येणार, आणि आईने सकाळपासून दुपारपर्यंत गात बसायचं याची त्याला लाज वाटत असावी. त्याने भटजी ठरवला. आईला म्हणाला, "आये, तुझा घसा बसतं. आपुन कॅसेट लावू, तुझाच आवाज हाय. तू मस्त खुर्चीवर बस."

आत्याचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं मान गेला म्हणून. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं, हे पुढे कळलं. तिने एकदाच म्हटलं, "भगवान, ती मशीन लावू नको." "का?" त्याने विचारलं. आयुष्यभर कारण न सांगता नाही म्हणणाऱ्या बाईला, ऐन वेळी खरं कारण असूनही सांगता आलं नाही. आणि सांगितलं असतं तरी भगवानने ऐकलं असतं असं नाही.

मांडवात टेप लागली. देवांची नावं झाली. मग आत्याचा तो खणखणीत आवाज पितरांना बोलावू लागला. पहिलं नाव आलं शेजारच्या सितारामचं. सिताराम गेल्या पावसाळ्यात दम्याने वारला होता, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. दुसरं नाव आलं पुतळाबाईचं. पुतळाबाई पुढच्याच रांगेत लाडू खात बसली होती. तिच्या हातातला लाडू हातातच राहिला. आणि मग टेपमधून आई मुलाला हाक मारू लागली, "ये रं भगवान, पाटावर बस."

भगवानची बायको सुंदराबाई हिने झेप घालून टेप बंद केली. मग कुजबुज सुटली. तीन वर्षांमागे जित्या सितारामला हाक मारली आणि सिताराम गेला. आता पुतळा, मग भगवान. आत्याच्या शंकांना इतकी वर्षं हसणारा गाव एका क्षणात शंकेखोर झाला, आणि शंका सगळी तिच्यावरच.

"आये," भगवान म्हणाला, "मी कवा मेलो तुला?"

आत्या खुर्चीवरून उठली. "तवा लगीन नवता, मांडव नवता, पाट नवता. आपलं पितर आलं असतं तर बसलं असतं कुठं? त्या मशिनीत? म्हनून जित्यांना हाका मारल्या. त्यांना बसाला आपापली घरा हायेत."

तिने आयुष्यात दिलेलं हे पहिलं कारण. कोणाचाही त्याच्यावर विश्वास बसला नाही. सुंदराबाई जयप्रकाशला पोटाशी धरून म्हणाली, "आता तुमी या मांडवात तोंड उघडायचा नाय." माझा विश्वास बसला का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ज्याने बाहेरच्यांना आपलं काही द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं, त्याच्या मनात आणखी काय काय असेल कोण जाणे.

अशा वेळी काय करायचं, हे जुन्यात कुठेच नव्हतं. जिवंत माणसाला पितरांत बोलावलं तर त्याला परत कसं पाठवायचं, याचा धवळा कोणा धवळारणीने रचलेलाच नव्हता. आत्या चौकापाशी येऊन उभी राहिली. मग तिने गायला सुरुवात केली, आणि ते शब्द तिच्याही तोंडात पहिल्यांदाच येत होते. पुतळे, घरला जा, तुझी बारी नाय. भगवान, मागं फिर बाला, तुझी बारी नाय. मग तिने घरच्या खऱ्या पितरांना एकेक करून बोलावलं, आजेसासरा, सासरा, नवरा. शेवटी थांबली, पाटावर रिकाम्या राहिलेल्या जागेकडे बघितलं, आणि भगवानच्या जागी स्वतःचं नाव घेतलं. "ये गं केशर."

मांडवातल्या बायका रडायला लागल्या. भटजींनी अक्षता वाटल्या आणि लग्न लागलं.

आत्या मेली नाही. पण त्या दिवसानंतर गायलीही नाही. गावोगावची बोलावणी आली, तिने सगळी परत पाठवली. "मेलेली मानसा गात नाय," म्हणायची, "त्यांना बोलवतान." नियम दुसऱ्याला लावणारे मी पुष्कळ पाहिले. स्वतःला इतका कडक लावून घेणारी ती एकटीच. कधी वाटे, हे तिने मुलासाठी केलं. कधी वाटे, आपल्यामागे कोणी गाऊच नये याची ही तजवीज आहे. भगवान मधल्या काळात तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि तिच्या हातचा चहा लगेच न पिता आधी खाली ठेवून न्याहाळायचा.

१९८८ साली नात स्मिताचं लग्न निघालं. या वेळी भगवानने कॅसेट कपाटातून काढलीच नाही. आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आये, तू गा." तिने नकाराची मान हलवली.

मांडव भरला, देव बसले, पितरांचा पाट मांडला, आणि हाका मारायला कोणी नाही. तेव्हा भगवान उठला. धवळा पुरुषाने गायचा नसतो. त्याला चालही येत नव्हती. घोगऱ्या आवाजात, चुकत माकत, त्याने आज्याला बोलावलं, बापाला बोलावलं. मग तो म्हणाला, "ये गं केशर."

आत्या ओटीवर बसली होती. तिने आधी कोपऱ्यातल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. "बंद हाय ना तो?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. तरी तिने स्वतः जाऊन खात्री केली, आणि मग पुढे येऊन पाटावर बसली.