ज्याला कुणी ओळखत नाही तो

लातूरच्या एका ऑफिसात मी फोन घेते आणि रिपोर्ट टाइप करते. आमच्या कपाटात लोकांची गुपितं असतील असं सगळ्यांना वाटतं. खरं सांगू? किस्सेच जास्त साठलेत!

आमचे मालक बिराजदार सरांनी ऑफिसच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘डिटेक्टिव्ह’ लिहून घेतलं, त्या दिवशी मी विचारलं, "म्हणजे नेमकं कोण हो, सर?"

"ज्याला कुणी ओळखत न्हाई, तो!"

तेवढ्यात खालून रिक्षावाला ओरडला, "डिटेक्टिव्ह सर, घरी सोडू का?"

*

पहिलं गिऱ्हाईक देवणीचं. त्याचा वळू हरवला होता.

सर म्हणाले, "आम्ही माणसांची चौकशी करतो."

"माणसाला काय शोधायचं? भूक लागली की येतंय घरी!"

सर चिडले. पण दोन दिवस चाकूरपर्यंत वळू शोधत फिरले.

*

आमची खरी कामं लग्नाच्या स्थळांची. एकदा सर एका मुलाची माहिती काढायला मुरुडला गेले आणि अनोळखी माणसासारखे पारावर बसले. आता आपल्याकडे अनोळखी माणसाला कुणी नुसतं बसू देतं का? आधी चहा आला, मग "कुठले पाहुणे? सासुरवाडी कोणती?" तासाभरात सरांचे सोयरेधायरे, शुगर, गुडघेदुखी सगळं गावाला पाठ! सरांच्या डायरीत एकच ओळ होती, ‘चहा फार गोड.’

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचाच फोन. "साहेब, छत्री विसरलात. अन् चौकशी उरली असंल तर रविवारी या. पोरगा घरीच हाय."

*

या बोर्डापायी सरांच्या लेकीची, पल्लवीची दोन स्थळं मात्र परत गेली. "डिटेक्टिव्हच्या घरात सोयरीक? आपलं सगळं बाहेर काढंल की!" पोरीचं उतरलेलं तोंड बघून मलाच भरून यायचं. तिसरं स्थळ नांदेडचं. मुलगा पल्लवीच्या मनात भरलेला. बघायला आलेल्या पाहुण्यांना सरांनी सांगून टाकलं, "मी सर्व्हेचं काम करतो."

आठवड्यानं ऑफिसात फोन आला. मुलाचे वडीलच! "लातूरच्या बिराजदारांची चौकशी करायची हाय. पोरगी, घरदार, सगळी."

मी फोनवर हात ठेवून सरांना सांगितलं. 

"केस घ्या," ते म्हणाले.

"पण सर, वडिलांचा धंदा काय लिहू? सर्व्हे?"

सर म्हणाले, "आजवर कुणाच्या रिपोर्टात खोटं लिहिलं न्हाई. खरं तेच लिहा."

मी लिहिलं, ‘मुलगी गुणी. घर चांगलं. वडील डिटेक्टिव्ह आहेत. पाहुण्यांना खोटं सांगितलं.’ सरांनी खाली सही केली आणि त्या दिवशी डबाही उघडला नाही.

दोन दिवसांनी नांदेडचा फोन. सरांनी स्पीकर लावला.

"रिपोर्ट मिळाला. पण डिटेक्टिव्हचं तर आम्हाला पोरगी बघायला आलो त्या दिवशी स्टँडवरच रिक्षावाल्यानं सांगितलं होतं! तुम्ही खरं लिहिता का न्हाई, तेवढंच बघत होतो. बोला, साखरपुडा कधी करायचा?"