बाळकृष्णाची कुंची

अमरावतीत देवीच्या देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या वच्छलाच्या बोटांत कला होती, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं. बाजारातले छापील देव तिला उघडेबोडके वाटत. हार गुंफून झाले की ती कणकेची खळ शिजवायची आणि वीतभर तसबिरीतल्या देवाला खऱ्या रेशमाचं वस्त्र, जरीची किनार, टिकल्यांचे दागिने, मण्यांचा मुकुट असा साज चिकटवायची. वर काच बसली की देव नवरदेवासारखा दिसे. "माह्या हातचं लेऊन देव बी खुश होते," असं ती खुशाल सांगायची.

तिच्याच गल्लीत पार्बताबाई राहायची. तिची दीड वर्षाची लेक जमुना मानमोडी तापाच्या साथीत गेली. मागे उरली पार्बताबाईनं स्वतः शिवलेली बाळाची रेशमी कुंची, तीही कसरीनं खाल्ली. तळहाताएवढा अंजिरी तुकडा तेवढा धड राहिला. तो आणि घरातली बाळकृष्णाची तसबीर घेऊन ती वच्छलाकडे आली.

"माह्या जमुनेचं एवढंच राह्यलं. बाळकृष्णाच्या अंगावर लाव. रोज दर्शन होईन."

नेमकं त्याच आठवड्यात अकोल्याच्या प्रदर्शनासाठी वच्छला दुसरा एक बाळकृष्ण सजवत होती. त्या निळ्या अंगावर काही केल्या रंग खुलेना. सहज म्हणून तिनं तो अंजिरी तुकडा ठेवून पाहिला, आणि तिची मती फिरली. अंधाऱ्या देवघरात, काचेआड, त्या बाईला काय कळणार आहे! पार्बताबाईच्या तसबिरीत तिनं आपल्या जुन्या चोळीचं तसंच दिसणारं कापड चिकटवलं.

प्रदर्शनात वाहवा झाली. डिप्टी कमिशनर साहेबाच्या मडमेनं तसबीर डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, आणि कापसाच्या जिनवाल्या सूर्यभानजींच्या बायकोनं, माणिकबाईनं, ती हौसेनं विकत घेऊन घरी नेली. वच्छला मिरवत परतली, तर इकडे पार्बताबाई त्या चोळीच्या चिंधीपुढे हात जोडून रडत होती.

आज सांगू, उद्या सांगू करता करता बारा वर्षं गेली. खरं बोलायची छाती होईना, म्हणून वच्छला दर शुक्रवारी शेवंतीची ओंजळ तिच्या देवाला नेऊन देई. पार्बताबाई गल्लीभर कौतुक करी, "पोटच्या लेकीवानी करते माह्यं." ते कानावर पडलं की वच्छला मान खाली घालून हार गुंफत बसे. चोरी करायची तिनंच, आणि लेकही म्हणवून घ्यायची तिनंच!

मग पार्बताबाईचे डोळे गेले. एका शुक्रवारी ती म्हणाली, "मले आता काईच दिसत नाई. एक खेप काच काढून दे. हातानं पायतो माह्या जमुनेले."

"पुढच्या शुक्करवारी काढतो, मावशी," असं कसंबसं म्हणून वच्छलानं दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली.

माणिकबाईपुढे तिनं सगळं ओकून टाकलं. परक्या माणसापुढे ते किती सोपं गेलं!

"त्या बाईले सांगतलं?" माणिकबाईनं विचारलं.

"नाई."

"मंग मले काहून सांगून राह्यली?" असं म्हणत माणिकबाईनं तसबीर खाली उतरवून तिच्या हातात दिली.

घरी येऊन वच्छलानं काच काढली. काम अजून इतकं देखणं दिसत होतं की तिचा हात अडखळला. या घडीलाही आपल्याला मोह पडावा, याची तिला शिसारी आली. तिनं अख्खं चित्र कोमट पाण्यात सोडलं. खळ सुटली, टिकल्या तळाशी गेल्या, बाळकृष्णाचा लगदा झाला. हाती फक्त अंजिरी तुकडा उरला. तो तिनं धुऊन, वाळवून जपून ठेवला.

शुक्रवारी, तसबिरीतूनच काढला असं सांगून हा तुकडा गुपचूप देता आला असता. खरं तर तोच बेत करून ती गेली होती. तिनं हातात ठेवताच पार्बताबाईनं तुकडा चाचपला, किनारीवरून बोट फिरवलं आणि गालाला लावला.

"हेच गं! हे टाके माह्येच. किती सांभाळलं तूनं, लेकी."

त्या शब्दानं वच्छलाचा बांध फुटला. "मी नाई सांभाळलं, मावशी," म्हणत तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

पार्बताबाईनं तुकडा गालावरून खाली घेतला. मग म्हणाली, "मंग बारा वरसं मी हात कोनाले जोडले?"

"माह्या चोळीले, मावशी."

वच्छला खाली मान घालून देवघराच्या भिंतीवरची चिंधीची तसबीर काढायला उठली.

"राहू दे तिले," पार्बताबाई म्हणाली. "बारा वरसांची सवय हाये. पन आता फुलं तू नको आनू."

त्या दिवशीची शेवंती अजून वच्छलाच्या ओच्यातच होती. फुलं तशीच घेऊन ती घरी गेली.