साडूभाऊंचं तिसरं बटण

रेसच्या ट्रॅकवर गाडी कशी हाकावी हे जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मिळून ज्याला सगळ्यात जास्त कळतं, आणि ज्याच्या गाडीला कापसाने लादलेला ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन मागे टाकतो, असा माणूस एकच आहे, आणि देवाने तो नेमका मला साडू म्हणून दिला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. मूळचे दोंडाईचाकडचे, जळगावात केळीचा व्यापार. त्यांनी हौसेने एक जुनी विलायती गाडी घेतली, तिच्या सस्पेन्शनला तीन बटणं आहेत: कम्फर्ट, स्पोर्ट आणि ट्रॅक. पहिल्यात गाडी मऊ चालते, दुसऱ्यात जरा ताठ, आणि तिसऱ्यात म्हणे इतकी कडक, की चाकाखालचा खडासुद्धा पाठीला कळावा. ‘म्हणे’ अशासाठी, की ते तिसरं बटण त्यांनी कधी दाबलंच नव्हतं. भाच्या-पुतण्यांनी चुकून दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. एकदा पारोळ्याच्या पुढे मोकळा रस्ता बघून मी म्हटलं, "साडूभाऊ, आता तरी दाबा की!" त्यांनी गाडी आणखी हळू केली. "हाई रस्ता शे भाऊ, ट्रॅक नही शे," एवढंच म्हणाले.

बाकीच्या दोन बटणांचा मात्र त्यांनी पिच्छा पुरवला होता. पिकलेल्या केळ्यांची एक फणी मागच्या सीटवर ठेवायची, पाचोऱ्यापर्यंत कम्फर्टमध्ये जायचं, येताना दुसरी फणी ठेवून स्पोर्टमध्ये यायचं, आणि घरी आल्यावर कुठल्या फणीवर किती काळे डाग पडले ते चष्मा लावून बघायचं, हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम. केळ्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही, असं त्यांचं ठाम मत. डागी केळ्यांची शिकरण सोमवारी घरात असेल त्या प्रत्येकाच्या पानात पडायची, आणि चांगली झालीय म्हटलं तर ‘कम्फर्टची की स्पोर्टची?’ असा उलटा प्रश्न यायचा.

टायरचं वेड तर त्याहून वरचं. भरताचं वांगं निवडावं तसा हा माणूस रबराला नख लावून बघतो. बोदवडच्या एका लग्नात नवरदेव नवरीला घेऊन सजवलेल्या गाडीत बसायला आला, तर आमचे साडू चाकापाशी उकिडवे बसलेले. "टायर म्हातारा झालाय, यावर सून आणायची नाही," म्हणून त्यांनी वऱ्हाड खोळंबून ठेवलं आणि स्वतःच्या गाडीतून नवरा-नवरीला पोचवलं. अर्थात कम्फर्टमध्ये. वऱ्हाडाच्या आधी निघालेलं हे जोडपं सगळ्यांच्या शेवटी घरी पोचलं. ट्रॅकसाठी म्हणून त्यांनी मऊ रबराचे, जवळजवळ बिनखाचांचे चार खास टायर घेऊन ठेवले होते आणि ते पाहुण्यांच्या पलंगाखाली अक्कांच्या जुन्या साडीत गुंडाळलेले असत. मी मुक्कामाला गेलो की त्या खोलीतला कूलर बंद. का, तर गार हवेने रबर आखडतं! जळगावच्या मे महिन्यात मी घामाने निथळत त्या टायरांवर झोपलो आहे आणि मनातल्या मनात साडूभाऊंचा उद्धारही केला आहे.

दरवर्षी दक्षिणेतल्या ट्रॅकवर जायचं ठरे आणि दरवर्षी काही ना काही आडवं येई. कुणाचं लग्न, केळीची कापणी, कधी नुसताच अक्कांचा नकार. मग गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने आकसत चालली होती. डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने दिवसाउजेडी चालवा, पुढे स्टिअरिंग सोडा. साडूभाऊ त्या दिवशी गाडीत नुसतेच बसून राहिले, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जपलेलं बटण आता तसंच राहणार होतं. अक्का बाहेर आल्या, त्यांनी काचेवर टकटक केली आणि म्हणाल्या, "बठ्ठं राहू द्या. आते जाऊत."

बाकी सगळं राहू देऊन आम्ही तिघं ट्रॅकवर गेलो. ट्रॅकवाल्याने आधी गाडी रिकामी करायला लावली, सुटी वस्तू आत चालत नाही म्हणाला. सीटवरून केळ्यांची फणी निघाली तेव्हा तो बघतच राहिला, आणि मग त्यातली दोन त्यानेच खाल्ली. खास टायर चढले, साडूभाऊंनी हवा मोजली, हेल्मेट घातलं, नखाने चिकटपट्टी सोलली आणि बटण दाबलं. पहिली फेरी मारून परतले तेव्हा चेहरा उतरलेला. मला वाटलं, डोळा. पण ते म्हणाले, "नही जमनं. वळणवर गाडी उड्या मारस." त्या ट्रॅकच्या वळणावर उंचवटे होते, आणि कडक केलेली गाडी त्यांवर टायर टेकूच देत नव्हती. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते बटण असं निघालं! मी काही बोलणार, तेवढ्यात अक्कांनी मला हाताने थांबवलं. साडूभाऊ उतरून चाकापाशी उकिडवे बसले. तापलेल्या टायरांतली जास्तीची हवा सोडली, आणि तिसरं बटण सोडून मधलं, पाचोऱ्याच्या वाटेवर केळ्यांनी पारखलेलं, स्पोर्टचं बटण दाबलं. त्यानंतर गाडी अशी वळली की ट्रॅकवाल्याने टाळ्या वाजवल्या. दिवसभरात त्यांना कुणी मागे टाकलं नाही.

उतरल्यावर त्यांनी किल्ली अक्कांच्या हातात दिली. "आते तू." अक्का, डॉक्टरांचं ऐकून घरी आल्या त्याच आठवड्यात, गुपचूप ड्रायव्हिंग शाळेत जाऊ लागल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आता गाडी अक्काच चालवतात. शेजारी साडूभाऊ डोळे मिटून, दारावर हात टेकवून बसतात आणि मध्येच म्हणतात, "मांगना डावा टायर बसना." थांबून मोजलं तर हवा खरंच कमी असते. तिसऱ्या बटणावर नवी चिकटपट्टी आहे, ती अक्कांनी लावली. पुढल्या वर्षी ट्रॅकवर अक्कांचं नाव नोंदवायचं आहे, टायर निवडायचं काम साडूभाऊंकडे. परवा मी मागच्या सीटवर केळ्यांना धरून बसलो होतो. पारोळ्याच्या पुढे कापसाचा ट्रॅक्टर आला. अक्कांनी हॉर्न दिला आणि सफाईने गाडी पुढे काढली. कडेच्या आरशातलं आता साडूभाऊंना दिसत नाही, म्हणून अक्काच जरा त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "ट्रॅक्टर मांगे ऱ्हायना."

"माले समजनं," साडूभाऊ म्हणाले, आणि डोळे मिटलेलेच ठेवून हसले.