पोपटीण माहेरी गेली

निगेटिव्हच्या पट्ट्या आणि किस्से सारखेच साठतात. पाकिटातून एक पट्टी काढायला जावं, तर तिला चिकटलेल्या आणखी तीन बाहेर येतात! मला रोज काही ना काही टिपून ठेवायची सवय आहे, पण हे किस्से आठवायला वही उघडावी लागत नाही. निगेटिव्हचा डबा उघडला की पुरे.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही तिघं. सौंसरला फोटो स्टुडिओ चालवणारे गजाननराव, म्हणजे सगळ्या गावाचे भाऊ. पांढुर्णा स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसणारे मोतीरामजी. आणि मी, पांढुर्ण्याच्या नगरपालिकेतला बाबू. तिघांनी मिळून एक जुना लांब लेन्स घेतला होता. रविवारी बोरगावकडच्या संत्र्याच्या बागेत जायचं आणि बांधावरच्या वाळक्या झाडावर बसणारे पोपट टिपायचे. तेही जोडीनंच!

"एकटं पाखरू तं कोणीबी काढते," भाऊ म्हणायचे. "जोडी काढून दाखवा!"

*

जोडीत अडचण अशी, की दोन पक्षी कधी शेजारी शेजारी नीट बसत नाहीत. एक पुढे, एक मागे. पुढच्यावर फोकस केला की मागचा ताकात बुडाल्यासारखा दिसतो.

भाऊंनी आम्हाला हे संत्रं सोलून शिकवलं. "फोकस म्हणजे ही फोड. फोडीच्या आत जे आलं ते साफ, बाहेर राहिलं ते गेलं. लेन्सचं भोक मोठं ठेवलं तं फोड पातळ. भोक बारीक केलं तं फोड जाड. दोघं एका फोडीत बसले पाहिजे!"

"मंग बारीकच ठेवू नं कायम," मोतीरामजी म्हणाले.

"ठेवा. पण मंग उजेड कमी येते, शटर हळू करा लागते. तेवढ्यात पोपटानं मान हलवली तं फोटोत त्याले दोन डोकी!"

शिकवताना संत्रं संपलं. बागेच्या मालकानं दुसरं दिलं नाही.

*

पोपटाच्या नराला गळ्यात कंठा असतो, मादीला नसतो. आमच्या पहिल्या रोलात सगळीकडे कंठेवाला एकदम साफ, आणि त्याची बाई धूसर.

भाऊंच्या सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "ह्याची बायको कुठं गेली?"

"आहे नं मागं!"

"कुठं? मले तं वाटते माहेरी गेली."

त्या दिवसापासून आमच्या मंडळात नियमच झाला. मादी धूसर आली, की फोटो 'माहेरी गेला'. ज्याचा गेला, त्यानं चहा पाजायचा!

जाता जाता वहिनींनी आणखी एक टोमणा मारला. "जगाच्या जोड्या काढून राहिले. आमच्या दोघांचा लग्नानंतर एक फोटो नाही. फोटोवाल्याची बायको!"

"अवं, दोघं फोटोत गेलो तं फोटो काढन कोण?" भाऊ म्हणाले. या प्रश्नाला तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हतं.

*

मोतीरामजी रेल्वेचे. अंदाज त्यांना मान्य नाही. एकदा जोडी छान बसलेली, भाऊ फोकस करताहेत, आणि मोतीरामजी शिंप्याचा टेप घेऊन सरळ झाडाकडे चालू लागले. पोपट उडाले. मोतीरामजींनी शांतपणे फांदीपर्यंतचं अंतर मोजलं, परत आले आणि आकडा सांगितला.

भाऊंनी कपाळाला हात लावला. "अन् पाखरं?"

"गाडी सुटली म्हणून काय झालं? टायमिंग तं बरोबर निघालं नं!"

*

एकदा टिटवीच्या जोडीसाठी आम्ही तिघं जाम नदीच्या काठावर पोटावर पडलो होतो. दोघी, म्हणजे एक तो आणि एक ती, एका रेषेत येईपर्यंत हलायचं नाही असं ठरलेलं. मागून एक शेतकरी काका आले. बराच वेळ पाहत उभे राहिले.

"काय हरवलं जी?"

"पाखराचा फोटो काढून राहिलो," मी कुजबुजलो.

काकांनी आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मंग झोपून काहून काढता? पाखरू तं वर असते!"

एवढं बोलून त्यांनी बैलाला हाक मारली, आणि पाखरू खरोखरच वर गेलं.

*

पुढे एका हिवाळ्यात भाऊंचेच फोटो माहेरी जायला लागले. आधी एखादा, मग रोलच्या रोल. आम्ही चहा पिऊन पिऊन कंटाळलो. भाऊ लेन्सला दोष द्यायचे, लेन्समध्ये बुरशी आहे म्हणायचे. त्याच लेन्सनं मोतीरामजींचे फोटो बरे यायचे. मग जामसांवलीच्या एका लग्नातले फोटोही पोरीच्या बापानं परत आणले. त्या रविवारी भाऊ बागेत आले नाहीत.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम एक केलं. कॅमेरा स्टँडवर लावला, भोक पूर्ण उघडलं, पुढच्या नरावर फोकस केला. मागची मादी पार विरघळलेली. मग म्हटलं, "भाऊ, बघा बरं, जमलं का?"

भाऊंनी डोळा लावला. सावकाश पाहिलं. "वा! दोघंबी एकदम बरोबर आले. दाबा!"

मी दाबलं नाही. मोतीरामजी खाली पाहत राहिले. भाऊंना कळलं. ते बांधावर बसले.

"मले दोघंबी सारखेच दिसून राहिले," ते म्हणाले. "सारखेच धूसर." मग, "डोळे गेले तं फोटोवाल्यानं काय कराव जी? वरातीत झांज वाजवाव?"

मोतीरामजी स्टँड आवरायला लागले.

*

नागपूरच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनला घेऊन जायला मोतीरामजींनी तिकिटं आणली, परतीच्या तिकिटांसकट.

"परतीचं आताच काहून?" भाऊंनी विचारलं.

"दिसन की नाही ते डॉक्टरनं पाहाव. वापस आणाचं काम माह्यं."

तपासताना डॉक्टरांनी हात पुढे धरला. "बोटं किती?"

"आहेत तं पाच, साहेब. पण मागची दोन माहेरी गेली!"

डॉक्टर आमच्याकडे पाहू लागले. आम्ही भिंतीकडे.

पट्टी निघाली, त्या दिवशी डॉक्टरांनी भाऊंच्या डोळ्यापुढे एक जाड काच धरली. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि नजर मोतीरामजींवर थांबली.

"जयभीम मोतीरामजी! शर्टाचं बटन काळ्या धाग्यानं काहून शिवलं?"

मोतीरामजींनी बटनावर हात ठेवला. "घाईत शिवलं भाऊ," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी वहिनींकडे पाहिलं. किती दिवसांनी त्या मोकळा श्वास घेत होत्या!

*

चष्मा जाड मिळाला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. भाऊ कपात चहा ओतायला जायचे. कप एकीकडे, चहा बशीच्याही पलीकडे!

"सवय होईन," भाऊ म्हणायचे.

"तोवर चहा मी ओतते," वहिनी म्हणायच्या.

*

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी वहिनीही बागेत आल्या. भाऊंना एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती. वाळक्या झाडावर जोडी होती. भाऊंनी भोक बारीक केलं आणि वाट पाहत राहिले. मादी सरकत सरकत नराच्या रेषेत आली, दोघं थबकले, आणि खटका!

संध्याकाळी स्टुडिओतल्या डार्करूममधून भाऊ ओला कागद हातात घेऊनच बाहेर आले. कंठा साफ, चोच साफ, आणि मादीच्या शेपटीचं पीसन् पीस साफ. मोतीरामजी टाळ्या वाजवायला लागले.

"जोडी झाली," वहिनी म्हणाल्या. "आता आमची."

'फोटो काढन कोण' याला आता उत्तर होतं. भाऊंच्या नव्या कॅमेऱ्याला आपोआप खटका पडायची सोय होती. भाऊंनी वहिनींना पडद्यापुढे उभं केलं, त्यांच्यावर अगदी डोळ्याच्या पापणीपर्यंत फोकस केला. उजेड उतरला होता, म्हणून भोक पूर्ण उघडलं. कळ दाबली आणि धावत जाऊन वहिनींच्या शेजारी उभे राहिले. म्हणजे त्यांना चष्म्यातून तसं वाटलं. आम्ही "मागं भाऊ, मागं!" ओरडेपर्यंत खटका पडला.

भाऊ तो फोटो फाडायला निघाले होते. वहिनींनी तो हातातून घेतला, फ्रेम करवला आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. त्यात वहिनी कपाळावरच्या कुंकवाच्या कणासकट साफ, आणि पुढे ताकात बुडालेलं कोणीतरी.

एकदा मी तिथे बसलो असताना एक गिऱ्हाईक आलं. काचेजवळ जाऊन त्यानं नीट पाहिलं. "वहिनी, तुम्ही तं मस्त आल्या. पण बाजूले हे कोण? भाऊ कुठं आहेत?"

वहिनी काच पुसत होत्या. मागे वळल्याही नाहीत.

"ते नं? ते माहेरी गेले!"