घर चार तास पुढे

त्या शिडाच्या बोटीवर चार माणसं होती. चौघांच्या पोटापाण्याचं बघणाऱ्याला सगळे बल्लव म्हणत. एकोणीस वर्षं तो दुसऱ्यांच्या हौसेच्या बोटींवर महासागर ओलांडत होता. लोकांना वाटतं, काय मजा असेल. मजा कसली डोंबलाची? कमरेला पट्टा बांधून शेगडीपुढे उभं राहायचं, नाहीतर उकळतं पातेलं अंगावर. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोडं पाणी फक्त शेवटच्या हाताला. अंडी टिकावीत म्हणून एक दिवसाआड उलटी करून ठेवायची. आणि एवढं करून कप्तान पहिल्या घासालाच विचारणार, "आज मीठ हात राखून टाकलंस का रे?"

आणखी एक काम त्याच्या गळ्यात होतं. बोट पश्चिमेला जात राहिली की पाच-सहा दिवसांनी घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. बोटीचं घड्याळ शेगडीच्या वर टांगलेलं, म्हणून काटे फिरवायचा मान बल्लवाचा.

या फेरीत त्याचं कशातच लक्ष नव्हतं. आईच्या घशात गाठ निघाली होती. बुधवारी दुपारी तीनला ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर तिचा आवाज कायमचा जाणार होता. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. त्याआधी तिला एकदा बोलताना ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा. रविवारच्या फोनला नेमकं आभाळ आडवं आलं. ऊन नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून फोन नाही.

कप्तान मनाने चांगला. सोमवारी सकाळी म्हणाला, "बुधवारी तुझ्यापुरती वीज राखून ठेवतो. फोन किती वाजता लावायचा?"

बल्लवाने शेगडीजवळ चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बघितलं. तिच्यावर त्यानेच लिहिलं होतं, 'घर चार तास पुढे'.

"दहाला लावू. तिकडे दोन वाजलेले असतील."

आईजवळ असलेल्या ताईला तसा दोन ओळींचा संदेशही गेला, तेवढ्यापुरती वीज होती. त्याच संध्याकाळी बल्लवाने नेहमीप्रमाणे घड्याळ तासभर मागे घेतलं. वाढीव तासाच्या खुशीत सगळ्यांना जास्तीचा चहा दिला. चिठ्ठीवरचा आकडा मात्र त्याने बदलला नाही.

बुधवारी दहाच्या ठोक्याला फोन लागला. पलीकडे ताई होती.

"आईला दे," तो म्हणाला.

"आत्ता? अरे, तीन वाजले. पावणेतीनला आत नेलं तिला."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. सोमवारी घड्याळ मागे घेतल्यापासून घर पाच तास पुढे होतं. सगळ्या बोटीची वेळ बदलणारा हा शहाणा, स्वतःचा एक तास विसरला होता.

"ती दोनपासून फोन हातात धरून होती," ताई सांगत होती. "नर्स घ्यायला आली तर म्हणाली, पाच मिनिटं थांबा, तो करेलच. ऐकतोयस ना?"

"हो."

"मग म्हणाली, त्याला सांग, मी रागावले नाही. बोटीवर माणूस आपल्या मर्जीचा नसतो. वेळेवर जेवत जा म्हणावं."

ताईने निरोप शब्दन् शब्द सांगितला, मध्ये आई थांबली असेल तिथे थांबून. आवाज मात्र ताईचा होता.