कोमट पाणी

आंधळगावच्या भूपेंद्र हेडाऊला आपल्या हातांचा भारी तोरा होता, आणि का नसावा? बाप मागावर रेशमाचा तुटका धागा नुसत्या बोटांनी हुडकायचा. पोराने माग सोडून गॅरेज टाकलं, पण बोटं बापाचीच. इंजिनात जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालून तो नटाची झिजलेली खाच सांगायचा. घर त्या हातांवर चालत होतं. ना शेती, ना नोकरी. महिनाभर उजवा हात जरा जड वाटत होता खरा, कोपराखाली एक फिकट चट्टाही उठला होता. पण खाच कळते ना, मग हाताला काय झालंय, असं म्हणून हा मोकळा.

त्या डिसेंबरात लक्ष्मणरावांनी आपली जुनी कार आणली. आरोग्य खात्यातून निवृत्त झालेला मोठा चिकित्सक माणूस.

"धूर सोडते अन् पेट्रोल तं पिऊनच राहिली," ते म्हणाले.

भूपेंद्रने स्कॅनर लावला. इंजिनात शिरणारी हवा किती गरम, ते सांगणाऱ्या सेन्सरकडे गाडी बोट दाखवत होती. बाहेर बर्फ पडतोय असं समजून बिचारी जास्तीचं पेट्रोल ओतत होती.

सेन्सर तपासायची रीत साधी. गरम पाण्यात बुडवायचा, मीटर लावायचं. पाणी जितकं गरम तितका आकडा खाली. शेजारच्या टिकारामच्या चहाच्या दुकानातून त्याने स्टीलच्या गिलासात पाणी आणलं आणि सवयीने दोन बोटं बुडवून पाहिली. कोमट. कोमट पाण्याला आकडा बाराशेच्या आसपास हवा. मीटर साडेतीनशे दाखवत होतं.

"गाडीले सांगते बरफ, अन् इथं कोमट पाण्याले म्हणते उकळतं," भूपेंद्र हसला. "सेन्सर गेला, काका."

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून नवा सेन्सर आला. लक्ष्मणराव समोर बसलेले. पुन्हा गिलास, पुन्हा बोटं, पुन्हा कोमट, आणि मीटरवर पुन्हा साडेतीनशे. आता घ्या. भूपेंद्रचं डोकं फिरलं. त्याने दुकानदाराला फोन लावून खराब माल दिल्याबद्दल नाही नाही ते सुनावलं. मग हट्टाने जुना सेन्सरही त्याच पाण्यात सोडला. आकडा तोच.

लक्ष्मणरावांनी गिलासाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"भूपेंद्र, हे पाणी पोळून राहिलं ना."

"कोमट हाय, काका."

"हात दाखव."

दोन बोटांच्या टोकांना फोड आलेले, कालचेच. सायलेन्सर लागला असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नव्हतं. लक्ष्मणरावांनी त्याची बाही वर सारली, चट्टा पाहिला, आणि चाळीस वर्षं गावोगाव जे सांगितलं तेच हळू आवाजात सांगितलं. हा कुष्ठरोग आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, वर्षभर घ्यावं लागेल, रोग जाईल. "पण बोटांची गेलेली समज परत येईन का, ते नाही सांगता येत. गरम-थंड पह्यले जाते, स्पर्श मागून."

 भूपेंद्र गाडीकडे वळला. सेन्सरला तार जोडणाऱ्या कपलरमध्ये एका पिनेला हिरवा गंज चढला होता, दोष तेवढाच. त्याने पिना घासून तार नीट बसवली, जुनाच सेन्सर लावला. गाडी छान सुरू झाली. लक्ष्मणराव उद्याची वेळ ठरवत होते, औषधाचं काही सांगत होते. ह्याच्या डोक्यात मात्र रविवार घुसला होता.

रविवारी बायको पहाटेच दुसऱ्याच्या खळ्यावर धान चुरायला गेली होती. पाच वर्षांच्या तेजूला त्यानेच आंघोळ घातली. हाताने पाणी पाहून घेतलं, आणि पहिलाच तांब्या ओतताच पोरगी किंचाळली. नाटकं करते म्हणून त्याने तिला चापट मारली, दंड धरून ठेवला आणि बादली पुरी ओतली. संध्याकाळी बायकोने लाल पाठ दाखवली, तर म्हणाला, थंडीनं उललं असन.

गॅरेज उघडंच टाकून तो घरी गेला. तेजू अंगणात खेळत होती. त्याने तिला जवळ घेतलं, फ्रॉक मागून वर केला. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडीचे पापुद्रे सुटले होते.

पोरगी ताठ उभी राहिली. डोळे गच्च मिटून म्हणाली, "आंघोळ का, बाबा? मी आता नाही रडत."